पूजेत ठेवलेलं मॉड्यूल

दसऱ्याच्या सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी मला कळलं, की चोवीस म्हशींना विष घालायची सोय मी करून ठेवली आहे.

तेव्हा मी बोरीवलीच्या घरी मोबाइल घेऊन लोळत होते. ऑफिसच्या ग्रुपवर एकशे बत्तीस निरोप न वाचलेले होते. सगळे सोनं घ्या, सोन्यासारखे राहा छापाचे. अशा निरोपांचा मला मनस्वी कंटाळा येतो, म्हणून आदल्या दिवसापासून मी ग्रुप उघडलाच नव्हता. अंगठ्याने वर सरकवत चालले होते, तेवढ्यात झेंडूच्या दोन चित्रांमध्ये धवलचा निरोप दिसला. कालच्या सकाळचा.

'आजपासून अपडेटचं काम भाड्याच्या सर्व्हरवर हलवलंय. आता ऑफिस बंद असलं तरी अपडेट थांबणार नाहीत. हॅपी खंडेनवमी!'

मी ताडकन उठून बसले. का, हे कळायला आमच्या ऑफिसची एक रीत सांगावी लागेल.

आमची कंपनी अंधेरीला आहे, सगळे मिळून सातजण. गुरांचा खुराक मोजून मिसळणारी मशीनं असतात, त्यांना चालवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. धवल मालक, पण माझ्याच वर्गातला, त्यामुळे त्याची मालकी मी फारशी मनावर घेत नाही. प्रोग्रॅमचे सुटे तुकडे, म्हणजे मॉड्यूल, ज्याने त्याने लिहायचे आणि दूर कुठल्यातरी सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीत टाकायचे. ती आमची सामायिक कोठी. ऑफिसातलं एक मशीन दर पंधरा मिनिटांनी त्या कोठीत डोकावतं, नवं काही दिसलं की उचलतं, तपासतं आणि गिऱ्हाइकांसाठी पुढे पाठवून देतं. गिऱ्हाइकाचं मशीन चालू झालं की ते नवं मॉड्यूल आपोआप घेतं. मध्ये माणसाचा हात लागत नाही. त्या मशीनला आम्ही अपडेटवाला म्हणायचो.

खंडेनवमीला आम्ही अपडेटवाल्याची पूजा करतो. हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढा, आणि मग त्याचं बटण बंद. दसऱ्याचा दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. ही रीत मी आणली. माझे बाबा गिरणीत होते. खंडेनवमीला सगळं खातं धुऊनपुसून लख्ख करायचे आणि मागांची पूजा व्हायची. "मशिनीक पण वर्साचो एक दिस इसावो गावाक होयो," असं ते अजून म्हणतात; मशीनलाही वर्षातून एक दिवस विसावा मिळायला हवा.

तर मशीन बंद आहे म्हटल्यावर आमच्यात आणखी एक रीत पडली. लहानपणी आपण पाटीपुस्तक सरस्वतीपुढे ठेवायचो ना, तसं हातातलं अर्धवट काम त्या संध्याकाळी रिपॉझिटरीत टाकायचं. आम्ही त्याला पूजेत ठेवणं म्हणतो. एरवी असं अर्धवट काही तिथे टाकलं तर धवल बोंबलेल. पण त्या दिवशी ते उचलणारं मशीनच हार घालून झोपलेलं असतं, त्यामुळे भीती नाही.

काल संध्याकाळी मीही माझं मॉड्यूल पूजेत ठेवलं. खुराकात युरिया जास्त पडला तर भोंगा वाजला पाहिजे, त्याचं काम चालू होतं. युरिया थोडा असला तर म्हशीला चालतो, जास्त झाला तर तेच विष. म्हशीमागे दिवसाला वीस ग्रॅम हे आमचं प्रमाण. भोंगा वाजतो का हे बघायला मी वीसचे दोनशे केले होते आणि जास्तीचा युरिया अडवणारी अट काढून टाकली होती. भोंगा मात्र अजून वाजत नव्हता. म्हटलं, राहू दे, परवा बघू.

आणि आम्ही पूजा केली ते निव्वळ रिकामं खोकं होतं. खरा अपडेटवाला कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत बसून इमानेइतबारे काम करत होता, त्याला ना नवमी ना दसरा.

मी धवलला फोन लावला. मागे घंटा, नारळ फुटण्याचे आवाज. तो जोगेश्वरीला शोरूममध्ये नव्या गाडीची पूजा करत होता.

"धवल, माझं खुराकचं मॉड्यूल पुढे गेलंय का बघ. आत्ता बघ."

"अगं दसरा आहे ना यार..."

"बघ म्हटलं ना!"

तो मोबाइलवर काहीतरी बघत राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"काल सव्वासातला गेलंय. तपासणी पास. का गं?"

तपासणी पास होणारच होती. दोनशेच बरोबर, असं त्या तपासणीलाही मीच लिहून दिलं होतं, नाहीतर ती मला भोंग्यापर्यंत पोचूच देत नव्हती. मी धवलला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वाट लागली. सर्व्हर बंद करू का?"

"बंद करू नकोस! चुकीचं आधीच पुढे गेलंय, बंद केलास तर दुरुस्ती तिथे पोचणार नाही. मी दुरुस्त करून टाकते, ते पुढे जाऊ दे."

आमचं खुराकाचं मशीन तेव्हा एकाच ठिकाणी बसवलेलं होतं, आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात. तिथले मुकादम राजारामकाका. ते बाबांच्याच गिरणीतले, बाबांच्याच खात्यातले. गिरणी बंद पडल्यावर बाबा सोसायटीचे वॉचमन झाले आणि काका तबेल्यात गेले. त्यांनी शेठला गळ घातली म्हणून आमचं पहिलं मशीन लागलं. 'आमच्या चंद्रप्रकाशची पोर आहे, चुकायची नाही,' असं त्यांनी शेठला सांगितल्याचं बाबा येईल त्या पाहुण्याला ऐकवतात.

काका रोज साडेअकराला मशीन चालू करतात. दहा मिनिटांत खुराक तयार होतो, मग म्हशींपुढे जातो, आणि एकला दुपारची धार. माझ्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. मी काकांना फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. आरेत त्या झाडीत रेंज येते आणि जाते. पुन्हा लावला, तेच. मी लॅपटॉप उघडला, दोनशेचे वीस केले, अडवणारी अट परत घातली, रिपॉझिटरीत टाकलं आणि घरातल्याच कपड्यांवर निघाले. बाबा दाराला तोरण बांधत स्टुलावर उभे होते.

"खंय चललंस?"

"राजारामकाकांकडे. बाबा, त्यांना सारखा फोन लावत राहा. लागला की एवढंच सांगा, म्हशींना खुराक घालू नका."

"म्हणजे? काय झाला?"

मी तोवर जिना उतरत होते. खाली रिक्षा मिळाली. हायवेला लागलो तर हार घातलेल्या नव्या गाड्या सगळ्या रस्ताभर मिरवत होत्या. एकीलाही घाई नव्हती आणि मला मात्र होती, त्या सगळ्यांचा मला इतका राग आला की मी रिक्षातून बाहेर डोकं काढून एका बाईंवर ओरडले. त्यांनी हसून मला हॅपी दसरा केलं.

मांडीवर लॅपटॉप, त्याला मोबाइलचं नेट. अकरा एकतीसला नव्या अपडेटवाल्याने माझी दुरुस्ती उचलली. मी स्क्रीनकडे बघत होते. एक एक ओळ हिरवी होत होती. मग एक लाल झाली.

तपासणी नापास. अपेक्षित दोनशे, मिळाले वीस.

मी तपासणीतला आकडा बदलायलाच विसरले होते. काल मीच त्याला शिकवलं होतं की दोनशे म्हणजे बरोबर, आणि ते गरीब बिचारं माझंच ऐकत होतं. खरं तर कालचा सगळा बदल एका फटक्यात मागे घेता आला असता. शिकाऊ मुलांना मी हेच सांगते, घाबरलात की हाताने दुरुस्त्या करू नका, आख्खा बदल मागे घ्या. आणि स्वतः काय केलं, तर आकडे खोडत बसले. माझी मला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. दिंडोशीच्या आसपास नेट गेलं. परत आलं तेव्हा मी आख्खा बदल मागे घेतला आणि पाठवला. अकरा अडतीस. आता पुन्हा पंधरा मिनिटांचा फेरा, मग तपासणी, मग पाठवणी. आणि तिकडे काकांनी मशीन चालू केलेलं असणार. चालू होताना त्याने जे उचललं असेल तेच खरं.

मग मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. खुराकाचं प्रमाण त्यांनीच ठरवून दिलं होतं.

"किती ग्रॅम?" त्यांनी विचारलं.

"दोनशे."

"अरे देवा. मी गोरेगावातून निघतो, पण तू आधी पोचशील. आंबट पाजा. व्हिनेगर. एकेकीला निदान तीनचार लिटर आणि वर जितकं जाईल तितकं थंड पाणी. मान ताठर, अंग थरथरतंय, पोट फुगतंय असं दिसलं की वाट बघायची नाही."

चोवीस म्हशी गुणिले चार लिटर. मी धवलला परत लावलं. त्याच्या मामाचा लोणच्याचा कारखाना आहे हे मला माहीत होतं, कारण दर दिवाळीला तो आम्हाला बोनसबरोबर लोणचं देतो.

"व्हिनेगर?"

"कॅन भरून. असेल नसेल तेवढं. नवी गाडी आहे ना आता, घाल त्यात."

तो एक शब्द जास्त बोलला नाही. तेवढ्यासाठी मी त्याला आजवरचं सगळं माफ केलं.

आरे चेकनाक्याजवळ एक चायनीजवाला गाडी लावत होता. त्याच्याकडून मी व्हिनेगरच्या सात बाटल्या उचलल्या. झाडीतला रस्ता लागला तेव्हा रेंज गेली. रिक्षात बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. मी मनात देवाला सांगत होते की आज काकांना उशीर होऊ दे, वीज जाऊ दे, मशीनचा पट्टा तुटू दे, काहीही बिघडू दे. आमचं मशीन बिघडू दे म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच प्रार्थना करत होते.

तबेल्याच्या दारात पोचले तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती. मशीन थांबलेलं होतं. त्याच्या तोंडाखालची टोपली रिकामी होती.

"घालू नका!" मी बाहेरूनच ओरडले. "खुराक घालू नका!"

राजारामकाका शिंगांना लावायचा रंग घेऊन दुसऱ्या रांगेत उभे होते. दसऱ्याची म्हशींची सजावट चालली होती, म्हणून वाढायला उशीर झाला होता. खुराक वाढायचं काम सोनूबाईचं. ती जालन्याकडची, पंधरा वर्षं याच तबेल्यात. पहिल्या रांगेतल्या सहा म्हशींपुढे तिची पाटी रिकामी झाली होती आणि सातवीच्या गव्हाणीवर ती वाकलेली होती. मी धावत जाऊन तिच्या हातातली पाटी ओढली. खुराक शेणात सांडला.

"येडी झालीस का गं?" ती म्हणाली.

"युरिया जास्त पडलाय. सहाजणींनी खाल्लंय का? सगळं?"

काकांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. तिसरी म्हैस मान ताणून उभी होती आणि तिच्या कातडीखाली काहीतरी धावत असल्यासारखी थरथरत होती.

पुढच्या तासाभराचं मला सलग काही आठवत नाही. सोनूबाई म्हशीचं तोंड वर धरायची, मी बाटलीचं तोंड गालफडातून आत सरकवायची आणि अर्धं व्हिनेगर माझ्या अंगावर यायचं. काका पाण्याच्या बादल्या आणत होते. पासष्ट वर्षांचा माणूस पळत होता. माझ्या सात बाटल्या दुसऱ्या म्हशीलाच संपल्या. मग नुसतं पाणी. सव्वाबाराला दारात हार घातलेली पांढरी गाडी आली आणि धवलने मागच्या सीटवरून तीन मोठे कॅन ओढून काढले. नव्या सीटवर व्हिनेगर सांडलं होतं. त्याच्या मागोमाग डॉक्टर आले.

दीडला पहिली शांत झाली. मग एक एक करत चारजणी. तिसरी मात्र बसली ती उठली नाही. डॉक्टरांनी तिच्या पोटात सुई घालून वारा काढला, सलाइन लावलं. सोनूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पावणेदोनला डॉक्टरांनी सलाइन काढलं.

"बाकीच्या वाचतील," ते म्हणाले.

शेठ मुलुंडहून अडीचला आले. म्हातारा माणूस, नव्या पांढऱ्या कपड्यांत. मेलेल्या म्हशीवर पोतं घातलं होतं, ते त्यांनी उचलून बघितलं आणि परत नीट घातलं. डॉक्टर म्हणाले, युरिया जास्त झालाय, यात शंका नाही. शेठ मशीनपाशी गेले. काकांनी ते चालू करून दाखवलं. स्क्रीनवर आकडा आला: वीस ग्रॅम.

माझी दुरुस्ती पोचली होती. चालू होताच मशीनने नवं मॉड्यूल घेतलं होतं, आपोआप, कुणी न सांगता, आणि जुन्याचा मागमूस तिथे उरला नव्हता. पंधरा महिने आम्ही याच गोष्टीची जाहिरात करत होतो.

"मशीन तर बरोबर सांगतंय," शेठ म्हणाले. मग ते सोनूबाईकडे वळले. "बाई, तू वरून हाताने घातलंस काय?"

"नाही वो."

"पूर्वी तूच घालत होतीस ना. सवय असते. आज सणाचं, गडबडीत..."

"म्या नाही घातलं."

"मग आलं कुठून?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. आल्याआल्या मी काय ओरडले होते ते त्यांनी ऐकलं होतं. तबेल्यात पाऊल टाकायच्या आधीच मला युरियाचं माहीत होतं, हे त्यांना कळलं नसेल असं नाही. पण ते स्क्रीनकडे बघत उभे राहिले. मशीनची शिफारस त्यांनी केली होती. बोलले असते तर त्यांचं पंचवीस वर्षांचं मुकादमपण शेठच्या नजरेतून उतरलं असतं. धवल माझ्या शेजारी होता. तोही जमिनीकडे बघत होता. हे आमचं एकुलतं एक बसवलेलं मशीन, आणि अजून सहा तबेले त्याच्यावर नजर ठेवून होते.

मी लगेच बोलले असं सांगायला मला आवडेल. मी लगेच बोलले नाही. वीस हा आकडा मी बघत होते आणि माझ्या मनात स्पष्ट, अक्षरशः स्पष्ट आलं, की मी गप्प राहिले तर हे इथेच संपेल. सोनूबाई दुसऱ्या तबेल्यात जाईल. तिला कुठेही काम मिळेल. अशी कितीतरी कारणं मला त्या अर्ध्या मिनिटात सुचली, आणि एकही कारण सुचायला कष्ट पडले नाहीत. मला स्वतःची किळस आली.

"शेठ, मी केलं," मी म्हणाले. "काल संध्याकाळी मी मशीनला दोनशे सांगितलं. तपासायला. ते इथपर्यंत येणार नाही असं मला वाटलं होतं. आज मी ते परत वीस केलं, म्हणून आता वीस दिसतंय."

मी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. रिपॉझिटरीत प्रत्येक बदलापुढे नाव आणि वेळ असते. कालचे सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं, श्रुतिका, म्हणजे मी. वीसच्या जागी दोनशे. शेठना त्यातलं काही कळलं नसेल. पण नाव देवनागरीत नसलं तरी त्यांना वाचता आलं.

"राजाराम, ही तुझ्या दोस्ताची मुलगी ना?"

"होय," काका म्हणाले. एवढंच.

शेठ धवलला बाजूला घेऊन गेले. मी सोनूबाईपाशी गेले. ती पोत्याशेजारी उकिडवी बसून होती, पदराने हात पुसत होती. हात कधीच कोरडे झाले होते.

"मावशी, माझी चूक झाली," मी म्हणाले. "तुमचं नाव आता कुणी घेणार नाही."

"नाव घेऊ दे नाहीतर राहू दे." तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. "ही खातच नव्हती गं. दोनदा तोंड फिरवलं. कडू लागलं असंल. मशीन बसवलं तवा तूच सांगून गेली होतीस, मावशी, मोजून दिलेलं असतंय, मागं ठेवू द्यायचं नाही. म्हणून म्या हिचं कपाळ चोळत बसले. गोंजारून गोंजारून समदं चारलं तिला."

 तिने पोत्याचं एक टोक वाऱ्याने उडत होतं ते दगडाखाली दाबलं आणि पाटी उचलून उरलेल्या म्हशींना गवत टाकायला गेली.